ससून फेरी: साडेतीन तारे आणि ‘इतर वस्तू’

डेव्हिड ससून यांच्या मुंबईतल्या खुणा दाखवणारी फेरी. माणशी १,४०० रुपये. रविवार, पहाटे साडेपाच ते दुपारी एक. कुलाब्याच्या ससून डॉकपासून भायखळ्यापर्यंत, मधलं अंतर छोट्या बसने. चहा आणि ब्रून मस्का तिकिटात, पाणी आपलं आपण. पाचपैकी साडेतीन तारे देते आहे. दीड तारा का कापला ते सांगायला जरा लांबण लागेल, कारण या माणसाच्या नावाच्या पाटीखाली मी ३२ वर्षं नोकरी केली आहे.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. तरुण मुलं आहेत, मेहनत घेतात, अजून सुधारतील.

पुण्यात ससून हा माणूस नसतो, ती जागा असते. ‘ससूनला नेलं’ म्हटलं की ऐकणारा खुर्ची ओढून बसतो. ‘ससूनचा रिपोर्ट यायचाय’ म्हणजे प्रकरण पोलिसांत गेलेलं. रिक्षावाल्याला ‘ससून’ एवढंच सांगितलं तर तो आवाज खाली आणून विचारतो, ‘कुणाला ठेवलंय?’ मी तिथे रेकॉर्ड सेक्शनला होते. केसपेपरांचे गठ्ठे, कापडी पाठीची रजिस्टरं, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेले गुळगुळीत दगड. नवीन लागलेल्या प्रत्येकाला आम्ही दोन गोष्टी हमखास सांगायचो. १८६७ साली रुग्णालय उभं राहिलं तेव्हा फक्त १४४ रोग्यांची सोय होती. आणि जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी इथेच केलं, बाहेर वादळ, मध्येच वीज गेली, शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात. ससून कोण, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मला तर कितीतरी वर्षं वाटायचं, असेल कुणीतरी इंग्रज गव्हर्नर.

निवृत्तीनंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की गव्हर्नर नव्हे, बगदादहून पळून आलेला ज्यू व्यापारी. मग परळच्या माझ्या भाचीने वाढदिवसाला हे तिकीट काढलं. ‘मावशी, तुझ्या साहेबांची फेरी आहे,’ म्हणाली. आदल्या रात्री तिच्याकडे मुक्काम केला आणि पावणेपाचला टॅक्सीत बसले.

जमायची वेळ साडेपाच होती. मी सव्वापाचला डॉकच्या फाटकाशी. फेरी सुरू झाली पाच पंचावन्नला, कारण ठाण्याचं एक जोडपं ‘दोन मिनिटांत’ येत होतं. आम्ही चौदा जण थांबलो, मासळी थांबली नाही. डॉकवरचा लिलाव पहाटेचाच असतो, उजाडेपर्यंत निम्मा आटोपतो. ज्यासाठी एवढ्या लवकर बोलावलं तेच अर्धं हुकलं. पहिला अर्धा तारा इथे गेला.

तरी जे उरलं होतं ते डोळे भरून पाहिलं. धक्क्याला लागलेल्या बोटी, त्यांतून हातोहात वर फेकल्या जाणाऱ्या पाट्या, बर्फ फोडणारं यंत्र, त्याचा चुरा उडून सगळ्यांच्या अंगावर. बोंबील, वाकट्या, मांदेली, एका बाजूला म्हाकूल. पुढे शेडमध्ये ओळीने बसलेल्या बायका कोळंबी सोलत होत्या, नजर दुसरीकडे आणि बोटं आपोआप. गटातल्या बऱ्याच जणांनी नाकाला रुमाल लावले. मी लावला नाही. रुग्णालयात ३२ वर्षं काढलेल्या बाईला ताज्या मासळीचा वास म्हणजे वास नव्हेच. एकीला मी सहज विचारलं, ‘ताई, ससून म्हणजे कोण हो?’ ती मान वर न करता म्हणाली, ‘नाव हाय धक्क्याचं.’ माझंही ३२ वर्षं हेच उत्तर होतं.

गाईड पंचविशीचा मुलगा, इतिहासात एम. ए. करतो आहे. आवाज चांगला, मराठी स्वच्छ, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी थांबायची सवय आहे. पण डॉकवर त्याच्याकडे माइक नव्हता, आणि बर्फाच्या यंत्राशेजारी उभं राहून तो एकोणिसावं शतक सांगत होता. पुढे उभ्या असलेल्या चौघांना ऐकू आलं असेल. मी घुसून पाचवी झाले म्हणून पहिली चूक पकडता आली. ‘हा डॉक डेव्हिड ससून यांनी १८७५ मध्ये बांधला,’ असं तो म्हणाला. डेव्हिड ससून १८६४ च्या नोव्हेंबरात पुण्यात वारले. आमच्या पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या (सिनेगॉगच्या), आवारात त्यांची कबर आहे, रोज बसमधून दिसायची. मेलेला माणूस अकरा वर्षांनी डॉक कसा बांधेल?

डॉक बांधला थोरल्या मुलाने, अब्दुल्लाने. हाच पुढे अल्बर्ट झाला, मग सर अल्बर्ट. समुद्रात भर घालून जागा काढली आणि पश्चिम हिंदुस्थानातला पहिला ओला डॉक तयार केला. ओला म्हणजे काय तेही सांगायला हवं होतं, कारण गटातली एक शाळकरी मुलगी आईला तेच विचारत होती. भरतीला पाणी आत घ्यायचं आणि दरवाजे लावून ते कोंडून ठेवायचं. मग बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतं आणि माल थेट धक्क्यावर उतरतो. त्याआधी जहाज दूर नांगरून ठेवायचं, होड्यांनी माल ने-आण करायचा, आणि वाटेत भिजलेल्या, गहाळ झालेल्या गासड्यांवरून भांडत बसायचं. सरकार बांधत नाही म्हटल्यावर व्यापाऱ्याने स्वतःच्या खिशातून बांधला. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, तो पोर्ट ट्रस्टकडे गेला. एवढी छान गोष्ट, आणि बापाच्या नावावर खपवून टाकली!

डॉकहून बसने फोर्टात. तिथल्या एका इराण्याकडे चहा झाला आणि खरं सांगायचं तर फेरीतला सगळ्यात चांगला अर्धा तास हा. आवाज नाही, बर्फ नाही, सगळे खुर्च्यांवर, आणि मुलगा मनापासून बोलू लागला. या अर्ध्या तासाला मी पाचपैकी पाच दिले असते.

डेव्हिडचा जन्म १७९२ चा, बगदादचा. वडील सालेह हे तिथल्या पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख. हे पद मानाचं, पण पाशा बदलला की मानेवरचं. दाऊद पाशाने समाजाकडून पैसा उकळायला सुरुवात केली तेव्हा पहिली गदा प्रमुखाच्या घरावर आली. बाप-लेक नदीमार्गे निसटून इराणच्या आखातातल्या बुशायर बंदरात पोहोचले. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून नेले होते असं सांगतात. म्हातारे सालेह १८३० मध्ये बुशायरलाच वारले. डेव्हिड बायकामुलांना घेऊन १८३२ च्या सुमारास मुंबईत उतरले आणि टॅमरिंड लेनमध्ये छोटी पेढी मांडली.

मुलगा हे सांगत होता आणि माझ्या डोक्यात सवयीने केसपेपर भरला जात होता. नाव, डेव्हिड. वडिलांचं नाव, सालेह. वय, ४०. राहणार, बगदाद, हल्ली मुक्काम मुंबई. सोबत आलेले नातेवाईक, बायको आणि पोरं. असे कागद मी हजारांनी हाताळले आहेत. मराठवाड्यातून, बिहारमधून, नेपाळातून आलेली माणसं, ‘पत्ता’ म्हटलं की गोंधळणारी. चाळिशीत सगळं सोडून परक्या गावात उभं राहणं काय असतं ते त्या रकान्यापाशी थबकलेल्या चेहऱ्यांवर मी रोज बघितलं आहे. म्हणून असेल, पण पुतळ्यातल्या ससूनपेक्षा टॅमरिंड लेनमधला ससून मला जवळचा वाटला.

इंग्रजी त्यांना शेवटपर्यंत फारसं आलं नाही. अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी येत होतं, हिंदुस्तानी इथे शिकले. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत, म्हणजे परक्याच्या हाती पत्र पडलं तरी त्याला ते लागणार नाही. आपल्याकडे व्यापारी मोडीत चिठ्ठ्या लिहीत, त्यातलाच प्रकार. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, त्या कागदावर सही हिब्रूत. पोशाख शेवटपर्यंत बगदादी, पागोटं आणि पायघोळ झगा. मुलांनी मात्र कोट-पाटलोण चढवली. घरोघरची कथा.

आठ मुलगे. त्यांना पाळीपाळीने बाहेरच्या शाखांवर धाडायचे, शांघाय, हाँगकाँग, पुढे लंडन. दुसरा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला गेला. कारकून बगदादच्याच ज्यू घरांतले आणायचे, त्यांच्या मुलांची शाळा, आजारपण, प्रार्थना, दफन, सगळं पेढी बघणार. माणूस एकदा पेढीत आला की जन्माची सोय. आजच्या कुठल्या कंपनीच्या एचआरला हे झेपेल सांगा.

‘आणि व्यापार कशाचा?’ मी विचारलं. मुलगा म्हणाला, ‘कापूस, कापड, मसाले आणि इतर वस्तू.’

इथे माझा पूर्ण एक तारा गेला.

‘इतर वस्तू’ म्हणजे अफू. हे काही मी संशोधन करून शोधून काढलेलं नाही, ससून घराण्यावर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकात आहे. मी हळूच म्हटलं, ‘अरे, अफू?’ तो म्हणाला, ‘मॅडम, त्यावर आपण लायब्ररीत बोलू.’ लायब्ररीत विचारलं तेव्हा म्हणाला, भायखळ्याला बोलू. भायखळ्याला बस सुटायची घाई. दोष त्याचा नाही, त्याला हातात दिलेल्या कागदावर तसंच छापलेलं होतं, मी पाहिलं. म्हणून त्याने सांगायचं राहिलेलं मी इथे लिहिते.

बंगालकडची अफू कंपनी सरकारच्या मक्त्यात होती. माळव्याची अफू पिकायची संस्थानांत, इंदूर-उज्जैनच्या बाजूला, तिथे सरकारला थेट हात घालता येईना. ती मुंबईत यायची, सरकार पासाची पट्टी वसूल करायचं, आणि पुढे जहाजाने चीन. एकेक पेटी सुमारे ६० किलोची. १८३३ च्या सनदी कायद्याने चीनच्या व्यापाराचा कंपनीचा मक्ता गेला, म्हणजे ससून मुंबईत उतरले त्याच्या पुढच्याच वर्षी दार उघडलं. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, चीनची पाच बंदरं उघडली, हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. आता एलियास १८४४ मध्ये चीनला ‘गेला’ हे वाक्य परत वाचा. आधी या धंद्यात मुंबईचे पारशी पुढे होते, जमशेटजी जीजीभाईंची श्रीमंती बरीचशी याच वाटेने आली. ससूनांनी माळव्यातल्या व्यापाऱ्यांना पिकाआधीच उचल देऊन माल बांधून घ्यायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्यांना मागे टाकलं. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतही पेढी होतीच. पण पाया अफूचा.

आमच्या रुग्णालयात मॉर्फिन दोन कुलपांत असायचं. एक एक अँप्यूल मोजून, रजिस्टरला सही करून, फुटलं तर तुकडे दाखवून. ते ज्या अफूतून निघतं ती या माणसाने पेट्यांनी, जहाजांनी पाठवली, आणि त्याच पैशातून ज्या रुग्णालयाला देणगी दिली तिथे ती दोन कुलपं होती. मला कुणाचा पुतळा उतरवायचा नाही. त्या काळी हा धंदा इथल्या कायद्यात बसत होता, वरून सरकारचं उत्पन्न त्यावर चालत होतं, हेही खरंच. पण १,४०० रुपये घेऊन ‘इतर वस्तू’ म्हणू नये. चौदापैकी बारा जण चाळिशीपुढचे होते, कुणाला भोवळ आली नसती.

असो. चहानंतर काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग. ओळखपत्र दाखवून, पिशव्या तपासून आत सोडतात, तेव्हा आधार कार्ड विसरू नका. १८८४ मध्ये नातवाने, जेकब ससूनने, वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधलं. अलीकडे डागडुजी होऊन २०१९ पासून झळझळीत झालं आहे. रंगीत काचेतून सकाळचं ऊन फरशीवर पडलेलं, खांब, वर बायकांचा सज्जा. गाईडने इथे पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवलं. हे फार आवडलं.

मग डेव्हिड ससून लायब्ररी. पिवळ्या मालाड दगडाची, कमानींची ही इमारत १८७० मध्ये पुरी झाली. कल्पना मुळात सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कारागिरांची. त्यांनी १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली होती, व्याख्यानं ऐकायला आणि यंत्रांची मॉडेलं ठेवायला. ससूनांनी तिच्या इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले आणि नाव बदललं. कारागिरांचं नाव गेलं, देणगीदाराचं राहिलं. हे मात्र गाईडने आपणहून सांगितलं, शाबास. आत शेटजींचा पांढरा पुतळा, वूलनर या इंग्रज शिल्पकाराने केलेला. पागोटं, दाढी, झग्याच्या चुण्या. मी बराच वेळ समोर उभी राहिले. ३२ वर्षांच्या नोकरीत साहेबांचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं.

वरच्या सज्जात आरामखुर्च्या आहेत, त्यांत सकाळी साडेआठला दोन म्हातारे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन गाढ झोपले होते आणि आतल्या टेबलांवर पोरं परीक्षेचा अभ्यास करत होती. मागे बाग, शेजारी रस्त्यावरची गाड्यांची गर्दी. फेरी वगैरे करायची नसेल तर नुसतं इथे येऊन बसा.

बाहेर पडल्यावर चौकातला घोडा. आत्ता दिसतो तो २०१७ चा, त्यावर स्वार नाही. मूळ घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स होता, तोही अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला, १८७९ मध्ये बसवलेला. १९६५ मध्ये तो राणीच्या बागेत हलवला. म्हणजे ‘काळा घोडा’ हे नावसुद्धा ससूनांच्या देणगीवरून पडलेलं, आणि घोडा जाऊन साठ वर्षं झाली तरी नाव काही जागचं हललं नाही.

बसने भायखळा. राणीच्या बागेत डेव्हिड ससून यांच्या देणगीचा घड्याळाचा मनोरा, भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांनीच दिलेला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा, आणि संग्रहालयाशेजारी तो हलवलेला जुना घोडा, स्वारासकट. इथे ऊन तापलं होतं, सावली नव्हती, माहिती तोंडपाठ म्हटल्यासारखी झाली. पुढे त्यांचा जुना बंगला ‘सां सूसी’, म्हणजे आताचं मसीना हॉस्पिटल, बसच्या खिडकीतूनच. शेवट मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८६४ चं, निळंशार, घड्याळाच्या उंच मनोऱ्यासह. हे बांधून झालं त्याच वर्षी डेव्हिड गेले. आवारात शाळा आहेत. ज्यू मुलांसाठी काढलेल्या, आता बहुतेक मुलं आसपासच्या मुस्लिम वस्तीतली. रविवार असूनही चार पोरं भिंतीला स्टंप काढून क्रिकेट खेळत होती. चेंडू आमच्या गटात आला, ठाण्याच्या उशिरा आलेल्या गृहस्थांनी तो अडवला आणि परत फेकला. त्यांना मी तिथे माफ केलं.

इथे दुसरी मोठी चूक झाली. ‘अशा रीतीने ज्यू समाज महाराष्ट्रात आला,’ असं वाक्य पडलं. मी रास्ता पेठेत वाढले. आमच्या शेजारच्या काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की शनिवारी त्यांच्याकडे चूल बंद, आणि भाषा आमच्यासारखीच, किंबहुना अलिबागकडचा हेल धरून आमच्यापेक्षा गोड. मालिद्याचं ताट भिंतीवरून आमच्याकडे यायचं. त्यांना मी लहानपणी विचारलं होतं, लाल देऊळ तुमचं का? त्या म्हणाल्या, ‘ते बगदाद्यांचं. आम्ही नवगावचे.’ नवगावला गलबत फुटून उतरलेले हे लोक, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’. त्यांनी मुंबईत मांडवीला पहिलं सिनेगॉग बांधलं १७९६ मध्ये, तेव्हा डेव्हिड ससून बगदादमध्ये चार वर्षांचे होते. आणि बगदादी मंडळी या मराठी ज्यूंना बरोबरीचं मानत नसत, दफनभूमीतही वेगळी जागा हवी असा त्यांचा आग्रह असे. जिथून छळ सोसून आले तिथलं दुःख ताजं असताना इथे येऊन स्वतः पायऱ्या पाडल्या. हे सांगितलं असतं तर त्या निळ्या मनोऱ्याखाली उभं राहायला वेगळंच वाटलं असतं. काकू १९७० च्या सुमारास इस्रायलला गेल्या. पुढे पत्र यायचं मराठीत.

आणखी एक राहिलेलं नाव सांगते, कारण फेरीत एकाही बाईचं नाव आलं नाही. फरहा ससून. डेव्हिडच्या धाकट्या मुलांपैकी एकाची, सॉलोमनची बायको. नवरा १८९४ मध्ये गेल्यावर मुंबईची पेढी या बाईने चालवली. एकोणिसाव्या शतकात, एवढ्या मोठ्या पेढीच्या गादीवर बाई! लसींचे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी पटकीची (कॉलऱ्याची) लस आणली तेव्हा लोक टोचून घ्यायला घाबरत, फरहाबाईंनी त्यांच्या पाठीशी उभं राहून वजन खर्च केलं. हाफकिनही ज्यूच, ओदेसाचे. १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचली. आम्ही उभे होतो तिथून ते कॉलेज चालत जाण्यासारखं आहे. परळला भाचीच्या घराजवळ हाफकिन संस्था आहे. एवढं सगळं हाताशी असून फरहाबाई नाहीत, हे मला अफूपेक्षाही लागलं. पुढच्या वेळी राणीच्या बागेतली दहा मिनिटं कापा आणि त्यांना द्या.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. बूट धुता येतील असे घाला, डॉकवर ओलं असतंच. फोटो काढण्याआधी मासळी बाजारातल्या बायकांना विचारा, त्या कामावर आहेत. स्वच्छतागृह एक इराण्याकडे आणि एक संग्रहालयात, मध्ये नाही. गुडघे दुखत असतील तर लायब्ररीचा जिना सोडा, पुतळा खालीच आहे. पाण्याच्या दोन बाटल्या. लहान मुलांना डॉक आवडतो, भायखळ्याला ती कंटाळतात. पैसे वसूल होतात का? होतात, चहाच्या अर्ध्या तासासाठी आणि केनेसेथ एलियाहूमधल्या पाच मिनिटांसाठी.

पुणेकरांनी उलटा क्रम करावा. आधी लाल देऊळ बाहेरून का होईना पाहा, नव्या पेठेतल्या ‘निवारा’च्या पाटीवर डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह हे नाव वाचा, आणि मग मुंबईला जा. म्हणजे कोणाला भेटायला चाललोय ते माहीत असेल.

घरी आल्यावर आयोजकांना मेल लिहिला, दीड पान, मुद्द्यांना क्रमांक घालून. डॉकचं साल आणि मुलाचं नाव, १७९६, फरहाबाई, आणि ‘इतर वस्तू’. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: आभार, एक अंगठा, आणि पुढच्या फेरीवर दहा टक्के सवलतीचं कूपन. फेरी पारशी मुंबईची आहे, जे. जे. रुग्णालयापासून सुरू होते. भाचीला म्हटलं, काढ तिकीट. जमशेटजींच्या पेट्यांना काय म्हणतात ते ऐकून येते.